संकोचांक

पडद्यावर बोलत असलेल्या गृहस्थांचे कान हळूहळू पांढरे होत गेले. ऊष्मालेखकाच्या चित्रात गार भाग निळा, कोमट भाग तांबडा आणि तापलेला भाग पांढरा दिसत असे. गृहस्थांचा आवाज मात्र खणखणीत होता.

"मी सुलक्षणा मानेंना मत दिलं. माणसानं माणसाला हाकलायचं नसतं. आपली संस्कृती आहे ती!"

खाली उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थांनी शेंगदाण्याची वडी तोंडात टाकली आणि ते कट्ट्यावरून उतरले.

"संकोचांक ब्याऐंशी," डॉ. कुमुद रणपिसे म्हणाल्या. "मत आढावांना गेलंय."

'नभवार्ता'चे संपादक यशोधन केळुसकर त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी मोठा श्वास घेतला. हल्ली सोमपुरात सगळेच तसा श्वास घेत.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या या वसाहतीत आज राष्ट्राध्यक्षपदाची चौथी निवडणूक होती. मतदान गुप्त असे. पण मत दिल्यावर बोलकट्ट्यावर चढायचे, कोणाला मत दिले आणि का, ते सांगायचे आणि वडी खाऊन उतरायचे, अशी प्रथा होती. पहिल्या वस्तीतली मोजकी माणसे हात वर करून प्रमुख निवडत, त्या काळापासून ती चालत आली होती. सक्ती नव्हती, पण न बोलता घरी गेलेला माणूस कोणाला आठवत नव्हता. मतदान संपण्याआधी अंदाज सांगू नयेत, असा नियमही सोमपूरने कधी केला नव्हता. सगळे उघड बोलले जाते, तर लपवायचे काय?

यंदा लपवण्यासारखे होते. प्राणवायूच्या दोन संयंत्रांपैकी एक निकामी झाले होते आणि नवे यायला दीड वर्ष लागणार होते. तोवर सगळ्यांनी विरळ हवेत राहावे, डोके दुखेल, जिना चढताना धाप लागेल, पण कोणी जाणार नाही, असे सुलक्षणा माने म्हणत होत्या. भगवंत आढावांचा उपाय सोपा होता. खालच्या विभागात बर्फाच्या खाणीतले कंत्राटी कामगार कुटुंबांसह राहत. त्यांना पृथ्वीवर परत पाठवले की वरच्यांना हवा पुरत होती. कंत्राटी माणसांना मताचा अधिकार नव्हता.

"हे यंत्र खोटं पकडतं कसं, ते एकदा मला नीट सांगा," केळुसकर म्हणाले. "दुपारच्या वार्तापत्रात मलाच सांगायचंय."

"खोटं नाही पकडत. लाज पकडतं. लाज वाटली की चेहऱ्याच्या आणि कानांच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. ते ठरवून थांबवता येत नाही. भीतीनं उलट होतं, चेहरा गार पडतो. त्यामुळे दोन्हींत गल्लत होत नाही."

"आणि एखादा मुळातच लाजाळू असला तर? कॅमेरा बघूनच तांबडा होणारा?"

"म्हणून तर कट्ट्यावरची तुमची वार्ताहर नाझनीन आधी नाव आणि राहण्याचा विभाग विचारते. तेव्हाचं तापमान हा त्या माणसाचा पाया. मताबद्दल बोलताना त्यावर जे चढेल तेवढंच मोजायचं. तो संकोचांक."

"बरं. मानेंचं नाव घेतलं आणि कान तापले, म्हणजे मत आढावांचं. पण आढावांचंच नाव घेतलं आणि तरीही कान तापले तर?"

"तोही आढावांचाच. मत दिलंय, खरं सांगतोय आणि लाजतोय. दोन्ही वाटा एकाच घरी जातात, केळुसकर. या निवडणुकीत लाज वाटावी असं कृत्य एकच आहे."

केळुसकरांनी मान डोलावली. मागच्या दोन्ही निवडणुकांत कुमुदताईंचा अंदाज जवळपास तंतोतंत उतरला होता, आणि हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता.

दारात मार्था तुस्कानो येऊन उभ्या राहिल्या होत्या. वसईकडून आलेल्या या बाई खालच्या विभागाच्या पुढारी होत्या. त्यांनी केळुसकरांकडे पाहिलेही नाही.

"बाय, तुझ्याकडे काम आहे."

"बसा ना, मार्थाबाई."

"बसायला वेळ नाय. सहाला परतयान सुटतंय. त्यात द्रवशय्या आहेत, एकोणतीस. आपल्या खालची चंद्रावर जन्मलेली पोरंही तेवढीच."

पुढचे त्यांना सांगावे लागले नाही. चंद्राच्या हलक्या ओढीत वाढलेल्या मुलांची हाडे पृथ्वीचा भार सोसत नाहीत. द्रवाने भरलेल्या शय्येत निजवून नेले, तरच ती धडपणे उतरतात. आढाव निवडून आले तर हकालपट्टी खनिजवाहू यानातून होणार होती, आणि त्यात साध्या खुर्च्या होत्या. मोठी माणसे कशीबशी उतरली असती. मुलांचा भरवसा नव्हता. निकाल मात्र आठला लागणार होता. यान सुटल्यावर दोन तासांनी.

"मला राजकारण नको सांगू," मार्थाबाई म्हणाल्या. "पोरांना चढवू की नको, तेवढं सांग. एकदा तिथं उतरली की दहा वर्षं वर पाठवत नाय कोणी. आमची नात सेलिना सहा वर्षांची आहे. ती येईल तेव्हा मी असेन का, देव जाणे."

"मतदान पाचला संपतं. पाचला सांगते."

"नक्की?"

"आकडा चुकणार नाही."

मार्थाबाई वळून गेल्या.

दुपारी बारा वाजता केळुसकरांनी अंदाज जाहीर केला. कट्ट्यावर बोललेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी मानेंना मत दिल्याचे सांगितले होते. संकोचांक धरून हिशेब केला तर शेकडा चौपन्न मते आढावांची होती. यंत्र कसे चालते, तेही त्यांनी समजावून सांगितले. नावे झाकून काही पांढरे कान दाखवले.

हे दाखवायला कुमुदताईंनी स्वतः संमती दिली होती. शहराला आपली लाज समोर दिसली तर उरलेले मतदार थबकतील, असे त्यांना वाटले होते.

 कट्ट्यापाशी रांगेतली एक बाई मोठ्याने हसली.

"अगं बाई! म्हणजे मी एकटीच नाही तर!"

ती कट्ट्यावर चढली. "मी आढावांना दिलं. सकाळपासून घरातसुद्धा बोलले नव्हते. आता कसं मोकळं वाटतंय!"

ऊष्मालेखकात तिचा चेहरा शांत तांबडा होता. संकोचांक नऊ.

त्यानंतर लोक भराभर मोकळे होत गेले. सकाळी मानेंचे नाव घेतलेले काहीजण परत आले आणि हसत हसत म्हणाले, "दुरुस्ती करायचीय हो!" कोणी वड्यांचे दुसरे ताट आणले. दोनच्या सुमारास कट्ट्याला जत्रेची कळा आली. निवृत्त शिक्षक वामन घाटपांडे वर चढून "मी मानेंना मत दिलं" म्हणाले, तेव्हा खालून त्यांचेच जुने विद्यार्थी ओरडले, "कान दाखवा, गुरुजी, कान!" सगळे खदखदून हसले. गुरुजींनी हात झटकला आणि ते वडी न घेताच उतरले.

त्यानंतर मानेंचे नाव फारसे कोणी घेतले नाही.

प्रयोगशाळेत कुमुदताई आकडे पाहत होत्या. आढावांचे नाव घेणाऱ्यांत आता दोन तऱ्हा दिसत होत्या. काहींचे चेहरे शांत तांबडे. काही पुटपुटत नाव घेत आणि त्यांचे कान पांढरे होत. या दुसऱ्या तऱ्हेचे लोक तासागणिक वाढत होते.

"चला, निदान अजून काही जणांना लाज आहे," त्या केळुसकरांना म्हणाल्या.

"असू दे की. मत तर आढावांनाच देताहेत ना?"

साडेचारला त्या स्वतः मत द्यायला गेल्या. त्यांचा निर्णय आठवड्यापूर्वीच झाला होता आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. त्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आई होती. विरळ हवेत तिची नखे निळसर पडत. रात्री तिचा श्वास ऐकत पडून राहायचे आणि सकाळी त्याबद्दल काही बोलायचे नाही, असे महिनाभर चालले होते. त्या आढावांना मत देणार होत्या.

मतदानकक्षाच्या पडद्याआड त्यांना वाटले होते त्याहून जास्त वेळ लागला. बाहेर पडल्या तेव्हा नाझनीन मुजावर ध्वनिक्षेपक घेऊन समोर उभी होती.

"या, या, मॅडम! यंत्राच्या मालकीणबाई आल्या! आता कान सांभाळा हं!"

हशा पिकला. कुमुदताई कट्ट्यावर चढल्या. समोर ओळखीचे चेहरे होते, शेजारी होते, प्रयोगशाळेतले सहकारी होते. सगळे तोंडभर हसत होते.

"आढाव," त्या म्हणाल्या.

"अहो, जरा मोठ्यानं!"

"आढावांना दिलं."

टाळ्या पडल्या. त्यांनी वडी घेतली, पण तोंडात टाकली नाही. रुमालात गुंडाळून ती त्यांनी खिशात ठेवली. कानांच्या पाळ्या पोळल्यासारख्या झाल्या होत्या.

पाचला आकडा आला. दिवसभराच्या सगळ्या प्रतिक्रिया धरून शेकडा एकसष्ट मते आढावांना. एवढ्या अंतरात शंकेला जागा नव्हती. कुमुदताईंनी चित्रसंवादावर मार्थाबाईंना बोलावले.

"चढवा," त्या म्हणाल्या.

 मार्थाबाईंच्या मागे लहान मुलांच्या बुटांचा आवाज येत होता. कोणीतरी एकाला "अरे, टोपी विसरलास" म्हणून हाका मारत होते.

सहाला परतयान सुटले.

आठला निकाल लागला. सुलक्षणा माने राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. फरक थोडा होता, पण फेरमोजणी मागावी इतका थोडा नव्हता.

केळुसकर धावतच प्रयोगशाळेत आले. त्यांच्यामागे नाझनीन होती.

"यंत्र बिघडलं होतं का?"

"नाही." कुमुदताईंनी मतपेट्यांचे आकडे पडद्यावर घेतले. पेट्या दर दोन तासांनी बदलत, त्यामुळे कोणत्या वेळेला काय झाले ते स्पष्ट दिसत होते. "दुपारपर्यंत शेकडा चौपन्न आढाव. आपला आकडा बरोबर होता. दुपारनंतर चित्र फिरलंय. बाराच्या पुढे बहुतेकांनी मानेंना मत दिलं."

"काय बोलताय मॅडम?" नाझनीन म्हणाली. "दुपारनंतर मी तिथंच उभी होते. मानेंचं नाव घ्यायला कोणी तयार नव्हतं. आढाव, आढाव, आढाव! निम्म्यांचे कान तापलेले होते, मान्य. पण तुमच्याच हिशेबानं तेही आढावांचेच ना?"

"माझ्या हिशेबानं, हो."

"मग? मानेंना मत दिल्याची कोणाला लाज वाटेल?"



"मला वाटली," कुमुदताई म्हणाल्या.

त्या पुढे सांगू लागल्या.

"मी आढावांना मत द्यायला गेले होते. पडद्याआड उभी राहिले आणि 'मी एकटीच नाही' म्हणून हसलेली ती बाई आठवली. मीही तेच करणार होते. लाज वाटली. मानेंच्या नावावर शिक्का मारला. बाहेर आले तर सगळे हसत होते. खरं सांगितलं असतं तर 'कान दाखवा' म्हणाले असते. गुरुजींना म्हणाले तसं. यंत्रवाल्या बाई स्वतःच ढोंगी निघाल्या म्हणाले असते. म्हणून सगळे घेत होते तेच नाव घेतलं."

"म्हणजे दुपारनंतर ज्यांचे कान तापत होते..." केळुसकर अडखळले.

"त्यांतले बरेचसे माझ्यासारखे. लाज वाईट कृत्याला चिकटलेली असते, असं मी धरून चालले. ती एकटं पडण्याला चिकटलेली असते. सकाळी आढावांचा मतदार स्वतःला एकटा समजत होता. बाराला आपण त्याला सोबत दिली. मग एकटं कोण उरलं? मी दुपारभर त्यांना मोजत होते, आणि उलट्या बाजूला टाकत होते."

"पण मॅडम," नाझनीन हळूच म्हणाली, "तुम्ही साडेचारला कट्ट्यावर होता. पाचला आकडा दिलात. अर्धा तास तुम्हाला माहीत होतं."

केळुसकरांनी तिला डोळ्यांनी दटावले. पण प्रश्न विचारला गेला होता.

"माहीत होतं," कुमुदताई म्हणाल्या. "माझे कान तापले होते, आणि कशानं तापले तेही माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे कट्ट्यावर खोटं बोलले, हे सांगावं लागलं असतं. इतक्या हजारांत एका मतानं काय होतं, असं मनाशी म्हटलं. आपल्यासारखे आणखी असतील, हे मनात येऊच दिलं नाही."

चित्रसंवादाची घंटा वाजली. खालचा विभाग.

केळुसकर खिडकीकडे वळले. नाझनीन जागची हलली नाही. कुमुदताईंनी हात पुढे केला आणि आधी चित्राचे बटण बंद केले, मग आवाजाचे सुरू केले.

"बाय!" मार्थाबाईंचा आवाज धापेमुळे तुटत होता. मागे ढोल वाजत होते. "ऐकलंस ना? राहिलो आपण! कोणी घालवत नाय आता आपल्याला!"

"ऐकलं, मार्थाबाई."

"मग ते यान... दोनच तास झालेत ना गो त्याला? मागे फिरवायला कोणाला सांगायचं? तुझी ओळख आहे वर. तू बोल की."

परतयानात मागे फिरण्याइतके इंधन नसते, हे सोमपुरात शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होते. मार्थाबाईंनाही ते ठाऊक असणार. कुमुदताईंच्या खिशात रुमालात गुंडाळलेली वडी होती. ती मुठीत दाबली जाऊन तिचा भुगा झाला.

ढोल थांबले. तिकडे कोणीतरी कोणाला तरी काही सांगितले असावे.

"बाय," मार्थाबाई म्हणाल्या, "तुझा चेहरा का दिसत नाय?"