शनिवारचा रणगाडा

नाताळाआधीच्या शनिवारी सकाळी मी आल्याची बिस्किटं करायला घेतली आणि फडताळातून खायच्या सोड्याचं पुडकं काढलं, तर ते रिकामं. नुसतं रिकामं नाही. झटकून, चापून, घडी घालून परत जागेवर ठेवलेलं. आमच्या घरात इतकी नीटनेटकी चोरी करणारा माणूस एकच.

"तावेत्ती, सोडा कुठाय?"

"पडला."

"कुठे पडला?"

"जंगलात. अजून पडतोय. ये, बघ."

खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. टेबलावर मोठ्या ताटाएवढी फळी. फळीवर बोटभर उंचीची देवदारं, एक चर, आणि त्या चरात एका अंगावर कललेला रणगाडा, डबलरोटीएवढा. त्यावर चार शिपाई. आणि माझा नवरा माझ्याच कॉफीच्या गाळणीतून त्या सगळ्यावर माझाच सोडा हळूहळू भुरभुरवत होता. चरातलं वाळलेलं गवत ओळखीचं वाटलं म्हणून मी कोपऱ्यात पाहिलं. माझ्या केरसुणीला टक्कल पडलं होतं.

मी बोलणार होते. पण त्याचा हात पाहिला. गाळणी थरथरत होती. तो मुद्दाम हलवत नव्हता.

शरदात डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार, पुढच्या हिवाळ्यात हातात ब्रश धरता येणार नाही. चाळीस वर्षं लाकडाच्या ओंडक्यांची लॉरी चालवलेला माणूस. "मग हा शेवटचा," एवढंच म्हणाला, आणि कपाटावरून रणगाड्याच्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा एक खोका उतरवला. तो वर्षानुवर्षं जपलेला होता. थोरला भाऊ आर्ने युद्धात रशियनांकडून पकडलेल्या अशाच एका रणगाड्यावर म्होरक्या होता. एका हिवाळ्यात त्याच्यावर बसून हसताना त्याचा फोटो निघाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ना रणगाडा परत आला ना आर्ने. झाकणातून कमरेपर्यंत वर आलेला तो चिमुकला माणूस म्हणजे आर्ने. त्याचा चेहरा रंगवायला तावेत्तीला नऊ दिवस लागले. श्वास रोखायचा, एक ठिपका द्यायचा, हात खाली ठेवायचा.

याचा चांगला फोटो काढून फेब्रुवारीअखेर शहरातल्या मॉडेलवाल्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनाला पाठवायचा होता. तिथे सलग तीन वर्षं पहिला नंबर पटकावणारा कुओस्मानेन तळ्यापलीकडेच राहायचा. निवृत्त पोस्टमन. सगळ्या गावाची पोस्टकार्डं वाचून शहाणा झालेला.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबरात तावेत्तीनं आमची जुनी सौना पाडली होती, म्हणजे चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेची अंघोळ करायचं लाकडी खोपटं. लग्नानंतर आम्ही इथे आलो तेव्हा घराच्या आधी ती बांधली होती. पहिले दोन हिवाळे आम्ही तिच्यातच काढले, आमची लेक तिच्यातच जन्मली. पण थरथरत्या हातांनी लाकडं कोण फोडणार? म्हणून घरात विजेची बसवली. पाव भाजायच्या यंत्रात बसल्यासारखं वाटायचं. मी तेव्हाच म्हटलं होतं, "पाडतोयस तर पाड, पण तिच्यात राहणाऱ्या, न दिसणाऱ्या राखणदाराला दोन शब्द बोल. चुलीतली राख घे आणि सांग, चला आमच्याबरोबर." मी सात वर्षांची असताना युद्धात आम्ही सरहद्दीपलीकडचं गाव सोडून बर्फातून पळालो, तेव्हा बाहेर फौजदार ओरडत होता आणि माझी आजी शांतपणे कॉफीच्या डब्यात राख भरत होती. दर शनिवारी आमची अंघोळ झाली की शेवटची पळीभर वाफ राखणदारासाठी सोडून दार लावून घ्यायचं, ही आमची रीत.

तावेत्ती म्हणाला, "विजेच्या सौनेला राखणदार लागत नाही, म्हातारे. फ्यूज लागतो."

राख त्यानं भरली. निसरड्या पायऱ्यांवर टाकायला, बादलीत.

तर त्या सोड्याच्या शनिवारी, दुपारी तीनला, बाहेर काळोख पडल्यावर, मी कॉफी घेऊन गेले. तावेत्ती टेबलापाशी कंबरेवर हात ठेवून उभा.

"तू इथे काही पुसलंस?"

"मी? त्या टेबलाला हात लावायचा मला चाळीस वर्षांत हक्क नाही."

सगळीकडे बर्फ जसाच्या तसा होता. फक्त रणगाड्याच्या पाठीवरचा, जिथे खाली इंजिन असतं तिथला, गेला होता. तिथे काळं, ओलं, चकचकीत.

"बरोबरच आहे की," मी म्हटलं. "इंजिनावर कुठे बर्फ टिकतो?"

"म्हातारे, हे प्लॅस्टिक आहे. आत इंजिन नाही. पोकळ आहे."

आणि तेव्हा मला वास आला. गोंदाचा नाही, रंगाचा नाही. बर्चच्या ओल्या पानांचा... धुरानं काळ्या झालेल्या भिंतींचा... तापलेल्या दगडांचा. सौना पाडल्यापासून तीन महिन्यांत तो वास मला आला नव्हता. मी तावेत्तीकडे पाहिलं. त्यालाही आला होता, कारण त्यानं नकळत स्वेटरचं वरचं बटण काढलं होतं.

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"अंघोळ करणारा?"

त्यानंतर तीन शनिवार हेच झालं. आठवडाभर बर्फ टिकायचा आणि शनिवारी दुपारी नेमका जायचा. तावेत्तीनं गोंद बदलला, टेबल हलवलं, एका शनिवारी दबा धरून बसला आणि नेमका पाच मिनिटं पेंगला. दुकानातल्या पोरीनं मला विचारलं, "आजी, इतका सोडा कशाला? पोटाचं काही आहे का?"

चौथ्या शनिवारी मी एकटीच त्या खोलीत होते. तावेत्ती बाहेर पायऱ्यांवर राख टाकत होता. खिडकीबाहेर तळं निळं, मग करडं, मग दिसेनासं झालं. भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकू येत नाहीये हे कळायलाही मला वेळ लागला. मग आवाज झाला. अगदी बारीक.

स्स्स्स्...

तापल्या दगडावर पळीभर पाणी पडल्यावर होतो, तसा. कुठून तर टेबलावरून. मी चष्मा लावला आणि वाकले.

शिपायांच्या डोक्यांवर टोप्या नव्हत्या. चारी टोप्या रणगाड्याच्या पट्ट्यांवरच्या पत्र्यावर ओळीनं काढून ठेवलेल्या होत्या, सौनेत जाताना आपण बाकड्यावर ठेवतो तशा. आता मला सांगा, ज्या डोक्यावर टोपी चिकटवायची, त्या डोक्यावर कारखानेवाला केस कशाला करील? तिथे सपाट प्लॅस्टिक असतं, मी स्वतः पाहिलं होतं. पण केस होते... ओले, कपाळाला चिकटलेले. आणि आर्नेचा चेहरा, नऊ दिवस खपून रंगवलेला थंडीतला फिकट चेहरा, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता.

तावेत्ती बादली घेऊन आत आला. मी बोटानं दाखवलं. त्यानं पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि खुर्चीवर बसला.

"मी हा चेहरा पुन्हा रंगवू शकणार नाही, लेम्पी," तो म्हणाला. एवढंच. भुताखेताची त्याला भीती वाटली नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. त्याला भीती होती ती हातांची.

माझी नजर त्याच्या बादलीवर गेली.

"तावेत्ती. रणगाड्याच्या धुराड्याची काजळी कशानं केलीस?"

"कशानं म्हणजे? राखेनं. एकदम खरी दिसते."

"कुठली राख?"

त्यानं बादलीत पाहिलं. मग रणगाड्यात. मग पुन्हा बादलीत.

"म्हणजे त्याला इकडे मीच..."

"तूच. चाळीस वर्षं सौनेचा मालक असलेल्याला तू घरातून काढलंस आणि राख नेऊन ठेवलीस या डबड्यात. बिचारा म्हणाला असेल, जागा लहान आहे, पण चार माणसं आहेत अंघोळीला."

दुसऱ्या दिवशी बर्फ पुन्हा भुरभुरवलेला, टोप्या डोक्यांवर, चेहरा फिकट. पण फोटो काढायचा तर शनिवारीच काढावा लागणार होता. तिपाई आणि लांब वायरचं बटण कुओस्मानेनकडे होतं, आणि तो ते उसनं द्यायला शनिवारीच येणार होता. आम्हाला मदत करायला नव्हे, आमचा रणगाडा बघायला.

अंगणात फळी नेऊन मांडली. मागे खरं तळं, खरे वृक्ष. रोलमध्ये चोवीस फोटो. तावेत्तीचे हात थरथरत होते म्हणून बटण माझ्याकडे. पहिले वीस नीट गेले असतील असं वाटलं, पण खरा बर्फ पडायला लागला. खऱ्या बर्फाचा एकेक कण त्या शिपायांच्या मानानं उशीएवढा. आम्ही ते चिमट्यानं उचलत बसलो. एकविसाव्याला सूर्य जंगलाला टेकला, आणि...

स्स्स्स्...

झाकणातून वाफेचा धागा निघाला. इंजिनावरचा बर्फ बसला, वितळला, गेला. कुओस्मानेनचा पाइप तोंडातून पडला.

"तावेत्ती," तो कुजबुजला, "वाफेसाठी काय वापरलंस?"

"काही नाही."

"सांग की. मी कुणाला सांगणार नाही."

"तू गावाला आजवर काय सांगितलं नाहीस?" मी म्हटलं. "तावेत्ती, आता बोल राखणदाराशी. उजेड जातोय."

"याच्यासमोर?"

"याच्यासमोर."

तावेत्तीनं टोपी काढली. मीच विणलेली, निळी, कानावर लाल धाग्यानं रफू केलेली. डबलरोटीएवढ्या रणगाड्यासमोर तो उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. कुओस्मानेननं काही न कळता आपलीही टोपी काढली.

"मालक..." तावेत्ती म्हणाला. "चुकलं माझं. न विचारता घर मोडलं. उन्हाळ्यात लाकडाची सौना बांधतो. हात असे आहेत, पण बांधतो. तुम्हाला राखेसकट नेतो. फक्त... हा माझा भाऊ आहे. हे शेवटचं काम आहे. थोडा वेळ बाहेर येता का?"

काही हललं नाही. मग झाकणाची वाफ थांबली. आणि माझ्या पायाच्या घोट्याजवळून काहीतरी गरम, ओलसर, गुडघ्याच्याही खालच्या उंचीचं, निघून गेलं. कुओस्मानेननं पण खाली पाहिलं.

"बर्फ!" तावेत्ती ओरडला. "म्हातारे, सोडा!"

"संपला."

आम्ही दोघांनी कुओस्मानेनकडे पाहिलं. त्याच्या पेटीत त्याचा स्वतःचा बर्फ होता, खास दळलेला, कुणाला न दाखवलेला.

"माझा बर्फ?" तो म्हणाला. "याच्यावर?" मग त्यानं पुन्हा आपल्या घोट्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं डबी काढली. गाळणी त्यानंच धरली; खरं तर त्या क्षणी तिघांत तावेत्तीचाच हात कमी थरथरत होता, पण त्याला भावाकडे बघायचं होतं.

मी तीन वेळा बटण दाबलं आणि सूर्य गेला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. एकवीस फोटो धुरकट, जणू कुणी कॅमेऱ्याच्या काचेवर उसासा टाकलाय. बाविसाव्यात माझा अंगठा. तेविसाव्यात कुओस्मानेनची गाळणी. चोविसावा सुरेख. तिसरा नंबर आला. कुओस्मानेनचा दुसरा, आणि त्याचं त्याला उरलेलं आयुष्यभर वाईट वाटलं. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'म्होरक्याचा नुकता न्हालेला चेहरा विशेष उल्लेखनीय.' तावेत्तीनं ती चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि पाकीट कायम छातीशी.

जूनमध्ये सौना उभी राहिली. कुऱ्हाड कुओस्मानेनची, तोंड तावेत्तीचं. रणगाड्याच्या धुराड्यावरची राख त्यानं माझ्या चमच्यात झटकून घेतली आणि टोपी काढून, बोलावत बोलावत, नव्या चुलीत नेऊन ठेवली. पहिल्या शनिवारी आम्ही आत बसलो. त्यानं पळी भरली, दगडावर ओतली. एक थेंब सांडला नाही. बाहेर त्याला कॉफीचा कप धरता येत नव्हता, पण त्या सौनेत, पुढची सहा वर्षं, पळी कधी हलली नाही.

सातव्या वर्षी नोव्हेंबरात तो गेला. डोकं उघडं पडायची त्याला सवय नव्हती, म्हणून ती निळी टोपी मी माझ्या हातानं त्याच्या डोक्यावर घातली आणि तशीच शवपेटी बंद करवली.

गेल्या महिन्यात गुडघा धरला म्हणून एका शनिवारी मी सौना तापवली नाही. बर्फात कोण जाणार, म्हटलं, एक दिवस नाही तर नाही. रविवारी सकाळी गुडघा जरा सैल झाल्यावर कपाटावरची धूळ पुसायला चढले. रणगाडा तिथेच असतो. इंजिनावरचा बर्फ गेला होता. पत्र्यावर टोप्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

मी मोजल्या. पाच.

पाचवी मसुराएवढी. निळी. मी चष्मा लावला, भिंग आणलं. कानावर लाल धाग्याचं रफू आहे, माझ्या हातचं, तिरकं.

शिपाई मात्र बाहेर तीनच. आणि रणगाड्याचं झाकण, ज्यातून आर्ने कमरेपर्यंत वर असायचा, ते लागलेलं आहे. मी नखानं उघडायला पाहिलं. आतून धरलंय कुणीतरी.