नसलेल्या कड्याचा पडसाद

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी शाळेत जमायचं, हे योगितानं वर्गाच्या ग्रुपवर टाकलं आणि मग एकेकाला फोन करून वदवून घेतलं. अंबाजोगाईला नर्स म्हणून नोकरी करता करता तिला माणसांकडून हवं ते करून घ्यायची सवय लागली होती. त्यामुळे ऐन वेळी फारसं कुणी गळालं नाही. ऊन तापायच्या आत शाळेच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली.

शाळा धारूरच्या अलीकडे, बालाघाटाच्या अगदी काठावर. तिन्ही बाजूंनी पत्र्याचे वर्ग, मधे लिंबाची झाडं, मागे मैदान. मैदान संपतं तिथं कमरेएवढा दगडी कठडा आणि त्याच्यापुढे खोल घळ. अंगदनं सीताफळांची दोन क्रेट आणून फाटकाशी ठेवली होती. वर्गातला तो एकटाच गावात राहिलेला. वडिलांच्या मागं मेंढरं त्यानंच सांभाळली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एक पिकलेलं फळ द्यायचा आणि म्हणायचा, "वळखलं का बे?"

मोहिनी संभाजीनगरहून स्वतः गाडी चालवत आली होती. कान तपासायचा तिचा धंदा. आवाज न शिरणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि त्याला काय ऐकू येतं, काय येत नाही, ते कागदावर उतरवायचं. येताना तिनं ओव्हाळ सरांना त्यांच्या घरून बरोबर घेतलं होतं.

ज्ञानोबा ओव्हाळ सर विज्ञान शिकवायचे. आता ऐंशीला टेकलेले. दोन्ही कानांना यंत्रं होती, ती मोहिनीनंच बसवलेली. यंत्रं काढली तर शेजारी ताट पडलं तरी त्यांना कळत नसे, आणि बायकापोरांचे बारीक आवाज तर यंत्र लावूनही नीट लागत नसत. निवृत्तीनंतर त्यांनी या शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची मुलगी अंजली याच वर्गात होती. दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना मेंदूज्वरानं गेली. सर थोड्याच दिवसांत वर्गावर परत आले. फळ्यावर 'ध्वनी' असं लिहिलं आणि धडा शिकवायला लागले. त्या दिवशी वर्गात कुणी साधं खोकलंही नव्हतं.

"सर, यायचं हाय ना नक्की?" मोहिनीनं फोनवर विचारलं होतं.

"येणार," सर म्हणाले होते. "मला मैदानावर जायचंय."

सत्कार लिंबाखाली झाला. माईकवर सोमेश्वर होता. चौसाळ्याला त्याचं बी-बियाणांचं मोठं दुकान आहे, तालुक्याच्या सभा गाजवतो. शाळेत असताना मात्र तो इतका अडखळायचा की स्वतःचं नाव सांगायलाही त्याला वेळ लागे. त्याचं भाषण ऐकताना मोहिनीला काहीतरी खटकलं. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मागून, मैदानाच्या बाजूनं, अगदी हलका परत येत होता. तिनं सवयीनं कारण शोधलं. समोर एखादं गोदाम बांधलं असेल. पण मान वळवून पाहिलं तर कठड्यापलीकडे नुसतं आभाळ होतं.

पूर्वी तिथं कडा होता. घळीच्या पलीकडे सरळ उभा, काळा. गाव त्याला नगारा म्हणायचं, कारण या काठावरून हाक मारली की तो जशीच्या तशी परत द्यायचा. सर आख्ख्या वर्गाला कठड्याशी उभं करून टाळ्या वाजवायला लावत आणि पडसादावरून आवाजाचा वेग काढायला शिकवत. मोहिनीनं पुढं आयुष्यभर जे केलं, त्याची सुरुवात त्या टाळीपासून झाली होती. रस्त्याचं काम निघालं तेव्हा नगाऱ्याला सुरुंग लागले. वर्ष-दोन वर्षांत त्याची खडी झाली. आता तिथं उतारावर बाभळी उगवल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे पार लांबवर सपाटी दिसत होती.

"अंगद, तिकडं काही बांधलंय का रे?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. मोकळं रान हाय." अंगद जरा थांबला. "मेंढरं जात न्हाईत तिकडं. चारा लई हाय, पर कठड्यापशी आली का कान टवकारून हुभी राहत्यात. कावून, काय म्हाईत."

जेवणाची पानं मांडेपर्यंत वेळ होता. सर खुर्चीतून उठले. "चला," ते म्हणाले, जसं तास सुरू झाल्यावर म्हणायचे. सगळे हसले, पण उठलेही. केस पिकलेली, पोटं सुटलेली माणसं ओळीनं मैदानाकडे निघाली. अंगदनं सरांसाठी खुर्ची उचलून घेतली.

"सर, कडा राहिला न्हाई आता," योगिता त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली.

"ठाऊक हाय मला."

कठड्याशी येऊन सर उभे राहिले. वारा पडला होता. वाळल्या गवताचा गरम वास येत होता. सरांनी हात वर केले आणि एक टाळी वाजवली.

टाळी परत आली.

कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. मोहिनीनं समोर पाहिलं. बाभळी, उतार, आभाळ. आवाज आपटून परत यावा असं काहीही नव्हतं. सरांनी पुन्हा टाळी वाजवली. ती पुन्हा आली, तेवढ्याच वेळानं. तो वेळ मोहिनीच्या अंगात मुरलेला होता. शाळेत असताना तिनं त्याचा किती वेळा हिशोब केला होता. पडसाद नगाऱ्याच्या जागेवरूनच येत होता.

ती पुढं झाली. तिनं दोनदा टाळी वाजवली, दोन आल्या. एकदा हळू, एकदा जोरात वाजवली. हळू आली, जोरात आली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं हात उचलले, जवळ आणले आणि न वाजवताच थांबवले.

पलीकडून टाळीचा आवाज आला.

तिच्या दंडावर काटा उभा राहिला. पण ती भीती नव्हती. लहानपणी पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्र पाहताना जसं वाटलं होतं, तसं काहीतरी होतं ते.

"आगं, काय तरी असंल तिकडं," सोमेश्वर म्हणाला. त्याला ते हसण्यावारी न्यायचं होतं. त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि आपल्या भरदार आवाजात हाक घातली, "सोमेश्वर!"

परत आली ती मुलाची हाक. कोवळ्या गळ्याची, चिरकी. "सो... सो... सोमेश्..." ती मधेच अडकली, धडपडली आणि कशीबशी पुरी झाली.

सोमेश्वरनं हात खाली घेतले. त्याच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे भरले होते. "ह्यो मीच हाय," तो कुजबुजला. "आयला, मीच हाय ह्यो."

मग कुणी हाक मारायची गरज उरली नाही. घळीपलीकडून आवाज येत राहिले, सुट्टीत मैदानावर यायचे तसे, एकमेकांत मिसळलेले. कुणी कबड्डीचा दम धरला होता. कुणी पाढे म्हणत होतं. योगिताची किणकिणती हाक आली, "ए, मला बी घ्या ना!" आणि योगितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जो तो आपला आवाज ओळखत होता. कुणी पळालं नाही. देवळात उभं राहावं तशी माणसं चपला काढून उभी होती. त्या कधी काढल्या, ते कुणालाच आठवेना.

सरांनी कानांतली यंत्रं काढली.

मोहिनी चटकन पुढं झाली. "सर, काढू नका. काहीच ऐकू येणार नाही तुम्हाला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. यंत्रं सदऱ्याच्या खिशात टाकली, कठड्यावर हात टेकले आणि हाक मारली. आवाज म्हातारा होता, थरथरत होता.

"अंजली!"

पलीकडचा गलका थांबला. एकदम, गुरुजी वर्गात शिरल्यावर थांबतो तसा.

पडसाद आला नाही. ठरलेला वेळ गेला. त्यानंतरही बराच वेळ गेला. एक घार घळीवर फिरत होती, तिची सावली उतारावरून सरकत होती. मोहिनीला वाटलं, आता सरांना खुर्चीत बसवावं.

मग लांबून मुलीचा आवाज आला. बारीक, धापा टाकणारा, पळत येणाऱ्या माणसाचा.

"आले, सर!"

शाळेच्या आवारात ती बापाला सरच म्हणायची. तो आवाज कुणाचा, हे कुणालाही विचारावं लागलं नाही. योगिता अंजलीच्या शेजारी बसायची. ती तिथंच खाली मातीत बसली.

सर ताठ उभे होते. मोहिनीनं या कानांचा आलेख स्वतः काढला होता. इतका बारीक आवाज त्या कानांना यंत्र लावूनही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण सरांची मान आवाजाच्या दिशेनं वळली होती. तिथं असलेल्या कुणाहीपेक्षा आधी.

आवाज पुन्हा आला. या वेळी जवळून, आणि शाळेतला नव्हे, घरातला.

"आबा, थांबा ना. मी आले की."

"थांबलोय बाई," सर म्हणाले. अगदी साधं, रोजच्यासारखं. "लई दिस झाले, थांबलोय."

घळ गप्प झाली. वारा सुटला, बाभळी हलल्या. सरांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. चेहरा मात्र धुतल्यासारखा दिसत होता. ते वळले आणि समोर उभ्या वर्गाकडे पाहत म्हणाले, "चला. जेवून घेऊ. भाकरी गार होतील."

माणसं परत निघाली. सरांचा एक हात योगितानं धरला, दुसरा सोमेश्वरनं. लिंबाखाली येसराच्या आमटीचा वास सुटला होता. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हळूहळू बोलणी सुरू झाली, दबक्या आवाजात.

मोहिनी मागंच राहिली. तिला कठड्यापासून हलवेना. अंगद सरांची खुर्ची उचलायला आला आणि तिच्याजवळ थबकला.

"ऐक," तो म्हणाला.

पलीकडून एक म्हातारी बोलत होती. या पोरांच्या आवाजांतला हा आवाज नव्हता. सुकलेला, दमलेला, पण ठणठणीत. ती एकेक नाव घेत होती आणि प्रत्येक नावानंतर थांबत होती. चढ चढून येणाऱ्यांची वाट पाहत असावी तशी. "योगिता... ये, ये, दम खा जरा. सोमेश्वर... काठी धरून ये रे."

"कोण म्हातारी हाय गं ही?" अंगदनं कानामागं हात धरला. "समद्यांला वळखती."

मोहिनी कठड्यावर पुढं वाकली. शब्द ओळखायच्या चाचणीसाठी तिनं वर्षामागून वर्षं स्वतःचाच आवाज रेकॉर्ड केला होता, स्वतःच तपासला होता. वाक्याच्या शेवटी तो कसा खाली उतरतो, 'स' म्हणताना कुठं घासतो, हे तिला पाठ होतं. वय कितीही झालं तरी ते बदलत नाही. पलीकडचा तो आवाज तिचाच होता, अजून न आलेल्या म्हातारपणातला.

"आपल्या वर्गातल्या समद्यांची नावं घेतली हिनं," अंगद म्हणाला. "तुझं न्हाई घेतलं. अन् माझंबी न्हाई." तो हसला. "चला, म्हंजी आपुन दोघं जोडीला हाव."

"हं," मोहिनी म्हणाली. म्हातारी स्वतःचं नाव कशाला घेईल; पण तिच्या हजेरीत अंगद उरला नव्हता. तिनं त्याच्या दंडाला धरलं होतं, घट्ट.

"थांबू का जरा? घेईल की."

"थांब," ती म्हणाली.

दोघं थांबले. म्हातारीनं पुन्हा पहिल्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली. योगितानंतर ती श्वासभर थांबली, कुणाचं तरी नाव ओठावर येऊन राहिल्यासारखी, आणि मग तसंच पुढं सोमेश्वर म्हणाली.