लाटचोर

त्या रविवारी सकाळी इसोनेहामाच्या किनाऱ्यावर जी लाट आली, ती देवळाच्या कमानीएवढी उंच होती. काही जण ती गुडघ्याएवढी होती म्हणतात, पण ते तेव्हा अंथरुणात होते. लाटेवर शिहो होती. फळीवर उभी, हात सैल सोडलेले, समुद्रानंच कडेवर घेतल्यासारखी... आणि तेवढ्यात एक अनोळखी तरुण तिच्याच लाटेत घुसला, दोन क्षण डुगडुगला आणि धोंड्यासारखा बुडाला. जाताना शिहोलाही घेऊन गेला.

वर येताच ती कडाडली, "एक लाट, एक माणूस! एवढंही ठाऊक नाही?"

"नव्हतं... म्हणजे, आता आहे," तो खोकत म्हणाला. "तुमच्याकडे बघत होतो, लाटेकडे बघायचं राहून गेलं."

शिहोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. गार पाण्यानं झाल्या असतील.

त्याचं नाव सोगो. नव्या समुद्रभिंतीच्या कामावरचा मोजणीदार. चूक केली की मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला जायचं, ही तिथली रीतच. संध्याकाळी तो शिहोच्या दारात हजर. हातात जांभळ्या कापडात बांधलेला मोचीचा, म्हणजे तांदळाच्या मऊ गोळ्यांचा डबा, कमरेत काटकोनात वाकलेला. तो इतका वेळ वाकून राहिला, की तिचे आजोबा तोकुजो तेवढ्यात चार मोची गिळून मोकळे झाले.

"माफ केलंस का गं त्याला?" तो गेल्यावर आजोबांनी विचारलं.

"केलं."

"खुळी कुठची! माफ केलंस की डबे बंद!"

डबे बंद झाले नाहीत. पुढच्या रविवारी सोगोनं पुन्हा तिची लाट चोरली. त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी शिहोच्या लक्षात आलं, की हा माणूस दुसऱ्या कुणाचीच लाट चोरत नाही.

"अहो भिंतवाले, मुद्दाम करता ना?"

"छे! अंदाज चुकतो माझा."

"मोजणीदाराचा?"

"तुम्ही जवळ असलात की..."

मग तिनंच त्याला शिकवायला घेतलं. पण आधी बादली! पाण्यात शिरण्यापूर्वी बादलीभर कचरा वेचायचा, हा शिहोच्या लाटांवर खेळणाऱ्या मंडळींचा नियम. त्सुनामीनंतर सात वर्षं ही सोळा-सतरा माणसं हाच किनारा चाळत होती. कौलं, काचा, तुटके दोर, कुणाच्या तरी भातुकलीतली वाटी... तेव्हा कुठे पोरांनी अनवाणी धावावं अशी ही वाळू झाली.

ऐकता ऐकता सोगोनं बादली खाली ठेवली. "आम्ही भिंत बांधतोय ती यंत्रांनी. तुम्ही हे सगळं... हातांनी?"

"चाळणी होती की. उगाच बढाई कशाला?"

तो तिच्या तळहातावरचे काचांचे जुने वण बघत राहिला.

"असं बघू नका हो. लाट निघून जाईल."

"जाऊ दे ना..."

नोव्हेंबर संपता संपता भिंत पुरी झाली. सोमवारी सकाळी बस, सगळी तुकडी उत्तरेला नव्या कामावर. आदल्या रविवारी सोगोनं एकही लाट चोरली नाही. नुसता फळीवर बसून राहिला, मग तिला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

"आज डबा नाही?" आजोबांनी विचारलं.

"उद्या जातोय तो. कायमचा."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"सात वर्षं वाळू उकरलीस, एक शब्द उकरता येईना तुला?"

सोमवारी शिहो पहाटेच पाण्यात उतरली, आणि जिला समुद्र कडेवर घेतो ती तीनदा आपटली. मग मात्र ती तडक निघाली. निथळत्या रबरी पोशाखात, अनवाणी, भिंतीच्या पायऱ्या चढून पलीकडच्या आवारात.

तिथं चाळीस कामगारांची रोजची, रेडिओवरच्या पियानोच्या तालावरची कवायत चालू होती. पियानो सुरू झाला की ती कवायत भूकंपसुद्धा थांबवत नाही. तोही बिचारा संपेपर्यंत वाट बघतो. शिहो गुपचूप तिसऱ्या रांगेत सोगोशेजारी उभी राहिली आणि तिनं हात वर केले.

"शिहो! तुम्ही... इथं?"

"हात वर ठेवा. मुकादम बघतोय."

आता कमरेतून वळायचं होतं. डावीकडे वळलं की तिला त्याची मान दिसायची, उजवीकडे वळलं की त्याला तिची. मानेशी बोलणं सोपं असतं.

"सोगो... जाऊ नकोस," ती त्याच्या मानेला म्हणाली.

मान लाल झाली. सगळे उजवीकडे वळले.

"का?" त्यानं तिच्या मानेला विचारलं.

पुन्हा डावीकडे. "तू इतका वाईट पडतोस आणि तरी हसत वर येतोस... मला ते रोज बघायचंय. तू हवा आहेस मला, अजून कसं सांगू?"

"नोकरी सोडावी लागेल."

"फळ्या दुरुस्त करायला मला माणूस हवाय. आजोबांची कटकट सोबत मिळेल."

"तिसरी रांग, बडबड बंद!" मुकादम ओरडला. "आणि सोगो, काय ते लवकर सांगून टाक, शेवटचा व्यायाम आलाय!"

शेवटचा व्यायाम म्हणजे दीर्घ श्वास. चाळीस जणांनी छाती भरून श्वास घेतला... आणि कुणी सोडेचना. पियानोसुद्धा अडखळला म्हणतात.

"राहतो," सोगो म्हणाला. मानेला नाही, तिच्याकडे वळून, तिचा ओला हात हातात घेऊन.

तेव्हा चाळीस छात्या एकदम मोकळ्या झाल्या. त्या वाऱ्यानं बंदरातल्या झाडून सगळ्या होड्यांची तोंडं समुद्राकडे फिरली. मुकादमाची टोपी तर अजून सापडलेली नाही.