अकरा नंबरवरचा पिवळा हात

जरा जवळ सरकून बसा. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका. ही मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही.

माझ्या मामेबहिणीच्या, चारुताच्या बाबतीत घडलेलं आहे हे. अकोल्यात, जठारपेठेत, गेल्या वर्षी रामनवमी होऊन गेल्यानंतरच्या बुधवारी. रामराया साक्षीला आहे, यात माझ्या पदरचं काही नाही.

चारुता बारावीच्या पोरांची सीईटीची गणिताची तयारी करून घेते. परीक्षा ऑनलाइन, म्हणून घराच्या पुढच्या खोलीत चोवीस संगणक मांडलेत. प्रत्येकावर आलेख काढणारं ॲप. समीकरण टाकलं की वक्र उमटतो, आकडा बदलला की रेष सरकते. पण तिचा नियम कडक. आधी हातानं कच्च्या कागदावर, मग माउस.

"खऱ्या परीक्षेत हे ॲप भेटते का मॅडम?" ईशान दर आठवड्याला विचारायचा.

"भेटते ना. संगं चहा-पोहेबी देतात. काढ मुकाट्यानं."

अडलं की पोरांनी 'हात वर' हे बटण दाबायचं. चारुताच्या पडद्यावर त्या नावापुढे पिवळा हात यायचा.

सगळ्यात जास्त वेळा यायचा तो खुशीचा. अकरा नंबर. मूर्तिजापूरच्या उत्तमरावांची पोरगी, घरी शेवंती-झेंडूची शेती. वर्ग सुटला की सहाच्या गाडीनं परत.

रामनवमीच्या तीन दिवस आधी पाच वाजता वर्ग सुटला. पोरं निघाली, आणि...

पिवळा हात.

"मॅडम, आडवी रेष चारवर नेली तं वक्राले तीनच ठिकानी भेटून राहिली. खाली तं चार ठिकानी भेटे. काहून?"

गल्लीतल्या मंदिरात कीर्तन उभं राहिलं होतं. पेटीचा सूर घरात येत होता. चारुताचा जीव तिकडे ओढलेला.

"तू बस. पूर्वरंग ऐकून आलेच मी. वीस मिनिटं."

कीर्तनाचं वेड असलेल्यालाच हे कळेल. बुवांनी उत्तररंगाला शबरीचं आख्यान लावलं. शबरी रोज वाट झाडते, रोज वाट पाहते, आणि तिचा राम काही येत नाही. चारुता उठलीच नाही. आरतीपर्यंत पदरानं डोळे पुसत बसली.

मला माहीत आहे. मी शेजारीच बसले होते.

शबरीसाठी रडलो आम्ही दोघी.

खुशीची गाडी चुकली. ती रात्री बसनं गेली. मूर्तिजापूरला रस्त्यापलीकडे बाप घ्यायला उभा होता. पोरीनं त्याला हात केला, रस्ता ओलांडायला निघाली, आणि मधून ट्रक आला.

चारुता भेटायला गेली तेव्हा उत्तमराव एवढंच म्हणाले, "तुमचं नाव लय घे जी ते घरी."

घरी येऊन चारुतानं यादीतून खुशीचं नाव स्वतःच्या हातानं काढलं. अकरा नंबरची पिनही उपसून ठेवली.

मग तो बुधवार. चार वाजता सराव परीक्षा. पोरं तेवीस.

पडद्यावर मात्र... उपस्थित, चोवीस.

तिनं डोकी मोजली. तेवीस. पुन्हा मोजली.

सगळी पोरं आपापल्या पडद्यात डोकं घालून होती. आणि कोपऱ्यातून...

टक.

अकरा नंबरचा पडदा काळा होता. वायर जमिनीवर पडलेली. चारुतानं आपल्या पडद्याकडे पाहिलं.

खुशी. पुढे पिवळा हात.

साडेपाचला पोरं सुटली. ईशान दारात घुटमळला.

"मॅडम, अकरा नंबरवर कोन बसलं? माउस वाजून राहिला."

"तू जा बाबा घरी."

ती स्टूल घेऊन त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसली. कागद ओढला.

"पाहा खुशी. आलेख डब्ल्यूसारखा आहे. मधलं टोक बरोबर चारवर. खाली असताना रेष त्या टोकाला दोन्हीकडून छेदते. चारवर आली की तिथं नुसती टेकते. बाजूचे दोन, मधला एक. तीन."

मागे वळून आपल्या पडद्याकडे पाहिलं.

हात तसाच वर.

पुन्हा समजावलं. हात खाली येईना.

मग तिनं पेन ठेवलं, हात जोडले. "चुकलं गं माझं. येते म्हटलं, अन् आले नाही."

हात... तसाच.

चारुता नुसती बसून राहिली. अंधारलं. दिवा लावायचंही सुचलं नाही. सहाची गाडी गेली असेल. सातही वाजून गेले.

आणि...

टक.

यादीत तेवीस नावं होती.

दारात चाव्या वाजल्या. झाडलोट करणारे डोमाजीकाका कुलूप लावायला आले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"सव्वासात. त्या दिशीबी ते पोरगी सव्वासातलेच उठली जी. म्या म्हटलं, जाय वो माय, गाडी गेली तुही. तं म्हने, मॅडम आलेच म्हनाल्या."

इतके दिवस हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही दोघी आजही कीर्तनाला जातो. देवाचं नाव कसं सोडायचं? पण चारुता दाराशी बसते, आणि पूर्वरंग संपला की उठून घरी जाते. तिथं कुणी नसतं, तरी जाते. मी बसते. कधी कधी टाळांच्या गजरात, माझ्या अगदी मागून, टक असा आवाज येतो...

मी वळून पाहत नाही.

तुम्हाला एकच मागते. आरतीला हात जोडाल तेव्हा मूर्तिजापूरच्या खुशीची एकदा आठवण काढा. आणि "आलेच" म्हणून कुणाला बसवून आला असाल, तर माझ्यासाठी थांबू नका. आत्ता उठा.