मशीन रुळेपर्यंत

नवीन मशीन बसवून दिलं की पहिली तक्रार आवाजाचीच येते, हे मी पैजेवर सांगतो. बेअरिंग कोरं, ग्रीस कोरं, थोडं कुरकुरणारच. मी फोनवर सांगतो, चालवत राहा, रुळेल. आणि रुळतंही. म्हणून त्या वर्कशॉपमधून तक्रार आली तेव्हा मी दुपारचं जेवण उरकून आरामात निघालो.

वर्कशॉप लहान, दोघा भावांचं. नव्या सीएनसी लेथची, म्हणजे संगणकावर धातू कातणाऱ्या या मशीनची, सगळी हौस थोरल्याची. पण मशीन दारात यायच्या आधीच तो छातीच्या दुखण्याने गेला. धाकट्याने दार उघडलं. दाराला मूठ नव्हती, नुसता तारेचा फास होता.

"आवाज कसला येतोय?" मी विचारलं.

"मला नाही येत. वहिनीला येतो." तो हळू आवाजात म्हणाला. "मशीन बंदच ठेवलंय तिने. कुणाला हात लावू देत नाही. कामं तुंबलीत, ती मरू देत. पण ती जेवत नाही, घरी येत नाही. दादा तर गेला, आता हिलाही..."

ती मशीनच्या मागे उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली होती. मांडीवर लाकडी दांड्याचा लांब पेचकस. त्याचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, दांडा कानाला लावायचा, की आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते कळतं. आम्ही फिटर लोक असंच ऐकतो. तिला नवऱ्याने शिकवलं होतं.

"ताई, मला ऐकवा की."

"लावा. पण जास्त वेळ चालवायचं नाही."

मी स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता कणा, सुरू केला, पेचकसाचा दांडा कानाला लावला. एकसारखी घूं ऐकू आली, ठणठणीत. मग त्या घूंच्या खाली काहीतरी हललं. आत... थांबून बाहेर. पुन्हा आत. मध्येच कुणीतरी घसा साफ केला.

मी जन्मभर बेअरिंगं ऐकलीत. खडखडणारी, शिट्टी मारणारी, रडणारी. घसा साफ करणारं एकही भेटलं नव्हतं. मी बटण बंद केलं, स्पिंडल थांबला. आणि कानात आणखी एक श्वास आला... लांब, सावकाश.

"तेच आहेत ना?" ती म्हणाली. "दवाखान्यात श्वास पुरत नव्हता हो त्यांना. इथे बघा, किती सुखाने घेतायत."

मी स्पिंडलची डगमग मोजायचं डायल गेज लावून पाहिलं. काटा जागचा हलेना. मशीन अगदी निर्दोष होतं, बदलण्यासारखं काही नव्हतं.

"पहिल्या दिवशी आवाज याहून स्पष्ट होता," ती म्हणाली. "कमी का झाला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. जीभ वळेना. "नवं मशीन चालवलं की रुळतं, ताई. आवाज निवळत जातो."

"म्हणजे जितकं ऐकेन तितका संपेल."

"हो."

"आणि चालवलंच नाही तर?"

"तर राहील. पण मग ऐकू कसा येणार?"

ती पेचकसाचा दांडा चोळत राहिली. मग म्हणाली, "शेवटी मी काचेच्या दाराबाहेर होते. आत सोडत नव्हते. छाती हलताना दिसायची, ऐकू काही यायचं नाही. नर्सने पडदा ओढला, तेव्हा कळलं." तिने दांडा कानाला लावला. "या वेळी मी जवळ बसते. लावा, भावजी."

धाकट्याने कपाटातून पितळेचा तुकडा काढला. थोरल्याने पहिल्या कामासाठीच जपून ठेवला होता. सगळ्या गावाचे पार्ट केले आणि आपल्या दाराला मूठ नाही, असं तो हसून सांगायचा म्हणे. पितळ कोरडंच कापतात. कापताना ओतायचं पाणी लागत नाही, आणि त्या मशीनच्या टाकीत तर ते अजून एकदाही भरलं नव्हतं.

पिवळा कीस पडत राहिला, मूठ तयार झाली. तिने मशीन थांबवू दिलं नाही. स्पिंडल रिकामाच फिरत राहिला. तिचे ओठ हलत होते. घरघरीतून मला एवढंच ऐकू आलं, "हो... हो... मी आहे इथेच." धाकटा पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. माझंही लक्ष कशात लागेना.

दिवस कलायला आला तेव्हा तिने दांडा कानापासून काढला. "गेले," म्हणाली, आणि पोटभर रडली. मग पदराने तोंड पुसलं. "भावजी, भूक लागलीय मला."

त्याने लगबगीने मूठ दाराला बसवली आणि दोघं बाहेर पडली. मी दांडा कानाला लावून खात्री केली. स्वच्छ घूं, बाकी काही नाही. मशीन रुळलं होतं. मी मेन स्विच बंद केला आणि हत्यारं गोळा करायला पुढच्या बाजूला आलो.

मशीनच्या पुढच्या दाराला काच असते. त्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचं एक गोल वर्तुळ होतं. बघता बघता ते विरलं. मग पुन्हा उमटलं.

मी फडक्याने पुसलं. पुसलं जाईना. ते आतल्या बाजूने होतं.

पेचकसाचं टोक काचेला टेकवून मी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं.

"फिटरदादा," बाहेरून तिची हाक आली. नव्या मुठीवर हात ठेवून ती उभी होती, कुलूप लावायला. पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा दिसत होता. "आत काही राहिलं नाही ना?"

मी काचेकडे पाहिलं. वर्तुळ आता लहान लहान होत होतं, आणि भरभर उमटत होतं. धाप लागलेल्या माणसासारखं.