लोखंडी झडपेचा आवाज

वीजकपातीच्या दिवशी भेस्तानच्या कापड-वस्तीतले सगळे लूम बंद असायचे आणि गल्ली मुकी व्हायची. अशाच एका दुपारी कुंदन दळणाचा डबा घेऊन निघाली. नवरा गोपाल भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपला होता. त्याच्या छातीतली टिकटिक ऐकतच तिने दार ओढून घेतलं.

त्या टिकटिकीवर तिचा सगळा भरवसा. गल्लीतला डॉक्टर वर्षानुवर्षं 'धाग्याच्या धुळीचा दमा' म्हणत गोळ्या विकत राहिला. छातीला नळी लावून नीट ऐकायची तसदी त्याने घेतली नाही. पाय सुजले, आडवं पडलं की श्वास कोंडू लागला, तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात कळलं, लहानपणच्या सांध्यांच्या तापाने हृदयाची झडप खाल्ली आहे. ती काढून टिकटिकणारी लोखंडी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "बेन, आवाज दबा तो भागके आना."

पण लूमवाल्यांची एक खोड असते. आवाज चालू आहे तोवर यंत्राकडे कुणी बघत नाही. कुंदनचंही तसंच झालं.

शेजारची धुरपदाबाई ओट्यावर बसली होती. "गोपालना पाय पुन्हा सुजेल दिसतस वं."

"टिकटिक तं चालू शे ना, मावशी. तुले बी ऐकू येत व्हई आठे, ओट्यावर."

"माले तं काहीच ऐकू येत नही."

"कान गयात तुना!"

दोघी हसल्या. कुंदन पुढे निघाली. चक्कीच्या कोपऱ्यावर आली आणि थबकली. टिकटिक घरात होती तेवढीच इथेही होती. जराही कमी नाही.

तिने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

डबा तिथेच टाकून ती घराकडे धावली. गोपालचे ओठ निळे पडले होते. कितीतरी दिवसांनी तिने त्याच्या छातीला कान लावला. आत नुसती ओली घरघर... टिकटिक नव्हतीच. ती तिच्या पाठीमागे, दारापाशी, शांतपणे चालली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. झडपेवर रक्ताची गाठ बसली होती. रक्त पातळ करायची गोळी का थांबवली, ते ओरडले. दात काढताना दातवाल्याने बंद करायला सांगितली होती. परत सुरू करायला सांगायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं!

"आवाज कब से दबा है?"

"दबाच नहीं, साहेब... रोज सुनाई देता था..."

"हो ही नहीं सकता, बेन."

म्हणजे कुणीतरी तिला गाफील ठेवत होतं. पण हे सांगायचं कुणाला?

गाठ विरघळवणारं औषध नसेतून चढलं. संध्याकाळी गोपालच्या छातीत टिकटिक परतली. क्षीण, पण आतून. कुंदनने कान दाबून खात्री केली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. दुसरी टिकटिक कधी थांबली, तिला कळलंही नव्हतं.

शेजारच्या खाटेवर विदर्भातल्या प्रमिलाबाईंची शीतल होती. तिलाही लोखंडी झडप. पोर गुडघ्यांवर हात टेकून, तोंडाने श्वास घेत बसली होती. आई मोसंबं सोलत होती.

"आज पोरीच्या छातीतला वॉल मस्त चालू हाये," प्रमिलाबाई खुशीत म्हणाल्या. "मी खाली नळावर गेली होती न, तिथंबी आवाज येत होता."

कुंदन झटकन उठली. "ताई... तिच्या छातीले कान लावा... आत्ता..."

"कायले वो?" त्या हसल्या. "इथूनच तं येऊन राह्यला, एवढ्या मोठ्यानं."

कुंदनने श्वास रोखून ऐकलं. तिला काहीच ऐकू आलं नाही.