रबरी हाताची पकड

प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडवर एक रबरी हात बसवला होता आणि त्या हातात डॉ. टेंबे यांचं 'सुजाण नोझल' होतं. बटण दाबताच पाण्याचा झोत समोरच्या भिंतीवर आदळला. रबरी हात तसूभरही हलला नाही. पहिल्या नातवाकडे बघावं तसे डॉ. टेंबे त्याच्याकडे बघत होते.

सुवर्णा डोईफोडे भिंतीला टेकून उभी होती. नवनगरच्या अग्निशमन दलात तिने बावीस वर्षं होजचं, पाण्याच्या जाड नळीचं, तोंड धरलं होतं. त्यातली एकोणीस वर्षं तिच्या पाठीला खांदा लावून गांगुर्डे उभा असे. आज तिला बोलावलं होतं ते तिचं मत विचारायला नव्हे, साहेबांचं मत ऐकवायला.

पाणी जेवढ्या जोराने पुढे जातं तेवढ्याच जोराने ते नोझलला मागे रेटतं, हात सुटला तर ते माणसाला झोडपून काढतं, असं टेंबे तिला समजावून सांगत होते. नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी याच धक्क्याने तिचं गळ्याचं हाड मोडलं होतं.

नव्या नोझलच्या मुठीत 'स्पर्शजाल' होतं. धरणाऱ्याची पकड आणि जमिनीपासूनची उंची ते क्षणोक्षणी मोजत असे आणि बाराशे आदर्श पकडींशी ताडून बघत असे. जुळलं तर पूर्ण पाणी. नाही जुळलं तर पाणी कमी, गरज पडल्यास बंद. धोकाच उरला नाही, तेव्हा मागे दुसरा माणूस कशाला? गांगुर्डेला लेखी हुकूम देऊन भांडारात बसवलंही होतं.

"हे बाराशे हात कुठे मोजले?" सुवर्णाने विचारलं.

"आमच्या सभागृहात. निवडक जवान बोलावले होते."

"पाणी सोडून?"

टेंबे हसले. "डोईफोडेबाई, तिथे गालिचा आहे. शिवाय पाण्याने हात ताठरतो, पकड बिघडते. आम्हाला शुद्ध पकड हवी होती."

"म्हणजे कोरडा होज धरून."

"नियंत्रित परिस्थिती म्हणतात त्याला."

पलंगावर पोहायला शिकवणाऱ्याशी वाद काय घालायचा, असं ती मनात म्हणाली. जाता जाता टेंबेंनी आणखी एक अभिमानाची गोष्ट सांगितली. नोझल शिकत राहणार होतं. खऱ्या आगीत एकदा जरी ते यशस्वी झालं, तरी त्या वेळची पकड आणि उंची सभागृहातल्या बाराशे नमुन्यांहून वरचढ ठरणार होती, आणि त्याच संध्याकाळी शहरातली चारशे नोझलं तो धडा घेणार होती.

जवानांनी आठवड्याभरात नोझलचं नाव 'जावईबापू' ठेवलं. जुनी पितळी नोझलं भांडारात कुलूपबंद झाली. दोन किरकोळ आगी वाळूच्या बादल्यांनी विझल्या, त्यामुळे जावईबापूंचं पाणी कुणी जोखलंच नाही.

पंधराव्या दिवशी भर दुपारी भांडारच पेटलं. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या एकामागून एक फुटल्या, दाराजवळच्या मांडण्या पेटल्या. मागच्या खोलीत गांगुर्डे अडकला होता. खिडकीला गज होते. त्या गजांतून बाहेर आलेला त्याचा हात सुवर्णाला दिसत होता.

तिने पाय रोवले, अंग पुढे झुकवलं, नोझलचा दांडा सावकाश उघडला. झोत निघाला, धक्का आला, तिची मूठ आवळली. लगेच झोत मेला.

"आपली पकड असुरक्षित आहे," नोझल गोड आवाजात म्हणालं. "कृपया हात सैल सोडा."

तिने सैल सोडला. पाणी आलं, धक्का आला, मूठ आवळली, पाणी गेलं. तेव्हा तिला कळलं. या शहाण्याला पाण्याची ओळखच नव्हती. धक्का सोसणारा कुठलाही हात त्याच्या लेखी चुकीचा होता. त्याला हवा होता रबरी हात.

गजांतला हात खाली घसरला.

सुवर्णाने होज ओढून त्याचं मोठं वेटोळं केलं, तोंडाकडचा भाग वेटोळ्यावरून पुढे काढला आणि दोन पदर एकमेकांवर येतात तिथे फतकल मारून बसली. माणूस एकटा पडला तर असं करायचं, हे गांगुर्डेनेच तिला शिकवलं होतं. आता धक्का होजमधून जमिनीत जात होता. जमिनीपासून हातभर उंचीवर तिने नोझलला नुसता हात टेकवला, झोपलेल्या लेकराला टेकवावा तसा. जावईबापू खूश झाले. पूर्ण पाणी आलं.

आग विझल्यावर तिने दांडा तितक्याच सावकाश बंद केला. झटक्यात मिटलं की कोंडलेलं पाणी होज फाडतं. गांगुर्डेला बाहेर काढलं तेव्हा त्याचा उजवा हात भाजला होता. खोकत खोकत तो म्हणाला, "ताई, बसलात होय? मला वाटलं, दमलात."

पुढच्या सोमवारी पटांगणात पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. एकट्या व्यक्तीने सुजाण नोझलने प्राण वाचवला, असं फलकावर लिहिलं होतं. ती व्यक्ती रांगेत मागे उभी होती. शेजारी, हाताला पट्टी बांधलेला गांगुर्डे.

सूट घातलेल्या टेंबेंनी स्वतः नोझल उचललं, दांडा खटकन उघडला. थेंब आला नाही.

"आपली उंची असुरक्षित आहे," नोझल म्हणालं.

खऱ्या आगीतली यशस्वी पकड चारशे नोझलांपाशी एकच होती, आणि ती जमिनीपासून हातभर होती.

"खाली बसावं लागतं, सर," सुवर्णा आदराने म्हणाली.

टेंबे चिखलात बसले. वेटोळ्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. पाणी आलं, धक्क्याने ते मागे सरकले, मूठ आवळली, पाणी बंद झालं, होज धाडकन उसळला. मूठ सैल झाली, पाणी पुन्हा आलं. उचकी लागल्यासारखे साहेब बसल्या बसल्या मागे मागे जाऊ लागले. पाहुणे टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात पडले.

"मागून कुणीतरी धरा," टेंबे ओरडले.

गांगुर्डे सवयीने पुढे झाला. सुवर्णाने त्याच्या चांगल्या हाताला धरून त्याला थांबवलं.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "काढलं होतं ते लेखी. आता बोलावतायत तेही लेखीच घ्या."